लिनक्स लॅपटॉपवरचे वाय-फाय : एका पेचाचा इतिहास

लिनक्सचे मिनिमल इन्स्टॉलेशन केलेला लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ येते आणि अनेकदा वाय-फायचा पत्ता नसतो. ते चालायला चार गोष्टी लागतात : कर्नलमधला ड्रायव्हर, चिपमध्ये चढवायचे फर्मवेअर, राउटरशी पासवर्डची देवघेव करणारा प्रोग्रॅम आणि आयपी पत्ता मिळवणारा प्रोग्रॅम. यांतले काही राहिले असेल तर ते उतरवून घ्यायला इंटरनेटच हवे. या पेचाचे मूळ लिनक्समध्ये कमी आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या धोरणात जास्त सापडते.

८०२.११ हे बिनतारी जाळ्याचे मानक १९९७ साली आले. त्याच सुमारास एचपी कंपनीतील झाँ तुरीय यांनी लिनक्ससाठी ‘वायरलेस एक्स्टेन्शन्स’ लिहिली आणि ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ ही आज्ञा रूढ झाली. लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत सरकवायच्या तेव्हाच्या ओरिनोको किंवा प्रिझम कार्डांचे फर्मवेअर कार्डावरच्याच फ्लॅश मेमरीत असे. वापरणाऱ्याला त्याची जाणीवही होत नसे. पुढे खर्च वाचवण्यासाठी ही मेमरी गेली आणि दर वेळी लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर चढवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर आले. खरी अडचण इथून सुरू झाली, कारण या फाइलींची मालकी कंपनीची होती आणि त्या वाटण्याची मुभा दर कंपनीगणिक वेगळी होती.

मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो हा लॅपटॉपसाठीचा चिपसंच आणला आणि लॅपटॉपमध्ये वाय-फाय अंगचेच झाले, पण लिनक्सचा ड्रायव्हर सोबत नव्हता. पुढच्या वर्षी इंटेलने खुला ड्रायव्हर दिला. फर्मवेअर मात्र बंदिस्तच राहिले. ब्रॉडकॉम या दुसऱ्या चिप कंपनीने तर चिपची माहितीही दिली नाही. तेव्हा लोकांनी ‘एनडिसरॅपर’चा आधार घेतला. विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये चालवण्याची ही युक्ती होती. तिने असंख्य लॅपटॉप जाळ्यावर आणले. पण आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नसल्यामुळे बिघाड शोधणे अवघड होई.

टिकाऊ उत्तर स्वयंसेवकांनी शोधले. एका गटाने ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचे टिपण तयार केले. दुसऱ्या गटाने मूळ कोड न पाहता फक्त त्या टिपणावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कामाची ही विभागणी कायदेशीर बाजू सांभाळण्यासाठी होती. २००६ साली २.६.१७ या कर्नलमध्ये तो ड्रायव्हर सामील झाला. लिनक्सच्या इतिहासातल्या मोठ्या चिकाटीच्या कामांपैकी हे एक म्हणावे लागेल. तरीही फर्मवेअर वाटण्याची परवानगी नव्हतीच. विंडोजच्या ड्रायव्हरमधून ते कापून काढण्यासाठी ‘एफडब्ल्यूकटर’ नावाचे वेगळे साधन लिहावे लागले. अथेरॉस या चिप कंपनीने २००८ मध्ये आपणहून खुला ड्रायव्हर दिला, ब्रॉडकॉमने २०१० मध्ये.

या काळात अनेक ड्रायव्हर तेच ते काम आपापल्या परीने करत होते. डिव्हाइसस्केप कंपनीने दिलेल्या कोडवर उभारलेली ‘मॅक८०२११’ ही सामायिक चौकट २००७ च्या २.६.२२ कर्नलमध्ये आली आणि हा पसारा आवरला.

पासवर्डचा प्रश्न कर्नलबाहेरचा. वेप ही जुनी सुरक्षापद्धत २००१ मध्येच फोल ठरली होती. २००३ मध्ये डब्ल्यूपीए ही नवी पद्धत आल्यावर राउटरशी पासवर्डची देवघेव करणारा योउनी मालिनेन यांचा ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ लिनक्सवर जवळजवळ अनिवार्य झाला. २००४ मध्ये रेड हॅटने जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर आणला. सप्लिकंटला पर्याय असलेल्या इंटेलच्या ‘आयडब्ल्यूडी’ची पहिली पूर्ण आवृत्ती २०१९ ची. हे सगळे प्रोग्रॅम स्वतंत्र पॅकेजे असल्यामुळे मिनिमल इन्स्टॉलेशनमध्ये ती सहज गळतात.

डेबियन या लिनक्स वितरणाने २०११ च्या सहाव्या आवृत्तीत कर्नलमधून बंदिस्त फर्मवेअर काढून टाकले. तत्त्व प्रामाणिक होते; मात्र नवख्या माणसाला फर्मवेअरची फाइल दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर आणावी लागे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा निर्णय बदलला आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येऊ लागले. तत्त्वाला मुरड घालावी लागली, पण निर्णय योग्यच होता.

बिघाड शोधण्याचा आजचा क्रमही सुरुवातीला सांगितलेल्या थरांनीच जातो. ‘एलएसपीसीआय’ने चिप ओळखायची, ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर चढले का ते पाहायचे, ‘आरएफकिल’ने रेडिओ बंद तर नाही ना ते तपासायचे आणि मग सप्लिकंट व आयपी पत्त्याकडे वळायचे. जुन्या लेखांतले ‘डब्ल्यूलॅन०’ हे वाय-फाय इंटरफेसचे नाव यंत्रावर दिसेलच असे नाही. २०१३ पासून सिस्टिमडी ही सेवा चिपच्या जागेवरून ‘डब्ल्यूएलपी३एस०’ अशी नावे देते. पॅकेजच नसेल तर लॅनची केबल किंवा यूएसबीने जोडलेल्या फोनचे टेदरिंग कामी येते. आर्च या लिनक्स वितरणाच्या इन्स्टॉलरमध्ये आयडब्ल्यूडी असते, पण नव्या सिस्टिममध्ये ते आपोआप उतरत नाही. ते घालायचे राहिले, तर पेन ड्राइव्हवरून पुन्हा बूट करून, डिस्कवरच्या सिस्टिममध्ये ‘सीएचरूट’ या आज्ञेने शिरून ते बसवता येते.