ऑनलाइन जाहिरात : बॅनर ते लिलाव

संकेतस्थळांवर व अ‍ॅपमध्ये दाखवली जाणारी सशुल्क जाहिरात. छापील वृत्तपत्रात जाहिरातदार कॉलम सेंटिमीटरच्या दराने जागा घेतो. पहिल्या पानाचा भाव चढा. इंटरनेटवरही आरंभी जागाच विकली जात होती. नंतर हळूहळू वाचकाचीच विक्री सुरू झाली.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची आडवी पट्टी झळकली. बॅनर जाहिरातीचा इतिहास सहसा इथूनच सांगतात. पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केल्याचे म्हटले जाते. ती नवलाई टिकली नाही. आता साध्या बॅनरला शंभरात एक क्लिक मिळणेही मुश्कील.

पॉपअपची जन्मकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळावर कोणीही आपले पान तयार करू शके. अशाच एका लैंगिक मजकुराच्या पानावर आपली जाहिरात पाहून एक मोटार कंपनी बिथरली. तेव्हा तिथे काम करणाऱ्या इथन झुकरमन यांनी जाहिरात पानापासून तोडून वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. हेतू जाहिरातदाराची अब्रू राखण्याचा, ताप मात्र वाचकाला! २००४ पर्यंत इंटरनेट एक्सप्लोररमध्येही पॉपअप अडवण्याची सोय आली. २०१४ मध्ये झुकरमन यांनी जाहीर माफी मागितली.

दरम्यान ‘गोटू डॉट कॉम’ने १९९८ मध्ये शोधशब्दांचा लिलाव मांडला होता : बोली लावा, पैसे क्लिक झाली तरच द्या. गूगलने ॲडवर्ड्स या आपल्या जाहिरात सेवेद्वारे ही रीत जगभर नेली. २००३ मध्ये इतरांच्या संकेतस्थळांवर जाहिराती लावणारे गूगलचे ॲडसेन्स आले आणि जाहिरात विभाग नसलेल्या एकट्यादुकट्या लेखकालाही कमाईची वाट सापडली. दर ठरवण्याचा अधिकार मात्र प्रकाशकाच्या हातून निसटला.

पुढे प्रोग्रॅमॅटिक पद्धतीत पान उघडता उघडताच वाचकाचा लिलाव होऊ लागला. त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकी नावाच्या छोट्या फाइलमुळे तो कुठेही ओळखू येई. मग नामांकित दैनिकाच्या महागड्या पानाची गरज काय? त्याच वाचकाला एखाद्या फुटकळ संकेतस्थळावर स्वस्तात गाठता येत होते. जाहिरातदार खूश झाला, पण आपली जाहिरात नेमकी कुठे लागते हे त्यालाही कळेना. २०१७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने मोठ्या ब्रँडच्या जाहिराती अतिरेकी चित्रफितींवर दिसत असल्याचे उघड केले आणि अनेकांनी यूट्यूबवरून त्या काढून घेतल्या. मोटार कंपनीची जुनीच धास्ती, फक्त आकार मोठा. त्याच वर्षी प्रॉक्टर अँड गॅम्बलने एका तिमाहीत डिजिटल खर्च १० कोटी डॉलरहून अधिक कापला. विक्रीवर फारसा परिणाम झाला नाही.

वाचकांनी ॲड ब्लॉकर बसवले. १५ फेब्रुवारी २०१८ पासून गूगलचा क्रोम ब्राउझरही त्रासदायक जाहिराती गाळू लागला, म्हणजे जाहिरातींवर जगणाऱ्या गूगलकडेच पंचगिरी आली. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ॲपना वापरकर्त्याचा मागोवा घेण्यापूर्वी परवानगी विचारणे सक्तीचे केले. त्यामुळे २०२२ च्या उत्पन्नात सुमारे १० अब्ज डॉलरची घट येईल असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने वर्तवला. क्रोममधून तृतीय पक्षाच्या कुकीज हटवण्याचा २०२० मध्ये जाहीर झालेला बेत गूगलने २०२४ मध्ये गुंडाळला.

भारतात प्रकाशक आणि गूगल यांच्यातला वाद स्पर्धा आयोगापर्यंत गेला. ‘लोकसत्ता’ प्रसिद्ध करणारा इंडियन एक्स्प्रेस समूह ज्यात आहे त्या डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनने जाहिरात महसुलातील वाटा व त्याचा हिशेब यांबाबत गूगलविरुद्ध तक्रार केली. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला.