चौलचा वेढा आणि जपमाळेचे वर्ष

रोह्याच्या पुलावरून कुंडलिकेचे पाणी आम्ही पुष्कळदा पाहिले. परंतु पुढे रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्ये ती समुद्रास मिळते तेथे काय घडले, याचा विचार फार उशिरा केला. जपमाळेच्या सणाच्या प्रवचनात लेपांटोचा उल्लेख मात्र कधी चुकला नाही. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी ख्रिस्ती आरमाराने तुर्कांवर मिळविलेला तो जय पोप पाचवे पायस यांनी मारियामातेच्या मध्यस्थीचे फळ मानला. त्याच वर्षी, अडीच महिने आधी, आपल्या नदीच्या मुखाशी चौलचा वेढा उठला. पोर्तुगीजांनी तेथेही स्वर्गाचाच हात पाहिला.

१५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव केल्यावर दख्खनच्या सुलतानांची दृष्टी पोर्तुगीजांकडे वळली. १५७० मध्ये विजापूरचा अली आदिलशहा गोव्यावर व अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा चौलवर चालून गेला. कालिकतचा सामोरी त्यांना मिळाला. या युतीला निव्वळ इस्लामी धर्मयुद्ध म्हणणाऱ्यांनी सामोरी हिंदू होता हे विसरू नये.

चौलला त्या वेळी पुरता तटही नव्हता. ते सोडून द्यावे, असा सल्ला गोव्यात देण्यात आला. व्हाइसरॉय लुईश द अताईद यांनी तो मानला नाही. डिसेंबरात वेढा पडला. फ्रान्सिस्कन मठासाठी दोन्ही बाजू झुंजल्या. जेथे प्रार्थनेचे स्वर उठावेत तेथे बंदुका चालल्या. पोर्तुगीज लेखक निजामशहाचे सैन्य लाखाहून अधिक सांगतात. विजयी पक्षाची गणती आम्ही नेहमीच थोडी हात राखून घेतो.

पण सैन्य मोठे होते यात शंका नाही. मग चौल टिकले कसे? जमीन निजामशहाची होती, समुद्र नव्हता. पावसाळ्यापूर्वी फ्रान्सिस्कु मास्कारेन्यश गोव्याहून कुमक घेऊन आले. माणसे, दारूगोळा व धान्य बंदरात उतरत राहिले. सामोरीची गलबते आली, तरी त्यांना खाडीचे तोंड बंद करता आले नाही. दुसरे कारण फेरिश्ता सांगतो, आणि तो पोर्तुगीजांचा स्तुतिपाठक नव्हे: निजामशाही सरदारांनी लाच घेतली, विशेषतः मद्याच्या भेटी, आणि रसद आत जाऊ दिली. २९ जूनचा मोठा हल्ला फसला व २४ जुलैला तह झाला.

पहिल्या क्रुसेडची कथा याहून फारशी निराळी नाही. १०९८ मध्ये इजिप्तच्या फातिमींनी जेरुसलेम तुर्की सरदारांकडूनच हिसकावून घेतले होते. शत्रू असा आपसांत भांडत होता. पुढल्या जूनमध्ये जिनोव्हाची गलबते याफा बंदरास लागली. त्यांतील लाकूड व कारागीर यांच्या बळावर वेढ्याचे मनोरे उभे राहिले आणि १५ जुलै १०९९ रोजी शहर पडले. त्यानंतर तेथे झालेली मुसलमान व यहुदी रहिवाशांची कत्तल आमच्या सेमिनरीच्या वर्गात दोन वाक्यांत आटोपली होती. ‘देवाची इच्छा’ ही घोषणा मात्र सर्वांना पाठ होती.

हे सारे आम्ही एका ऑक्टोबरात पेणला काही कुटुंबांसमोर बोललो, तेव्हा एका वृद्ध मावशींनी विचारले, “फादर, मग चौलमधल्या बायकांनी जपमाळ म्हटली ती वाया गेली का?” आम्ही म्हणालो, “नाही, मावशी. पण निजामशहाच्या छावणीतही नमाज पढला जात होता.” त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनीच आम्हांला लेपांटोबरोबर चौलचे नाव घेण्याची आठवण केली, आणि ते मद्याचे पिंपही विसरू नका म्हणाल्या.