पटकीचा खोटा निरोप

आज मी तुम्हाला कोलकात्याला नेतो. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी तिथे पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला. पण तो माणसाला मारतो कसा? १९५९ मध्ये तिथल्याच शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून उरलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला. जंतू नव्हते, तरी आतडं पाण्याने फुगलं! मारेकरी विष होतं.

पुढे उलगडलं, की हे विष पेशीच्या आतला निरोप्या, सायक्लिक एएमपी, वाढवतच ठेवतं. ‘पाणी सोड’ हा हुकूम थांबत नाही. पेशी आज्ञाधारक, निरोपच खोटा.

डे १९८५ मध्ये गेले. तोवर देशाने त्यांना एकही मोठा सन्मान दिला नव्हता, ही माझी खंत. तेवढं नाव तरी लक्षात ठेवू या.