हरळी (दूर्वा)

हरळी : (सं. दूर्वा, हिं. दूब, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, कुल–पोएसी). जमिनीलगत पसरणारे हे बहुवर्षायू, म्हणजे अनेक वर्षे टिकणारे, गवत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. भूपृष्ठावर सरपटणारी धावती खोडे व जमिनीखालची मूलक्षोडे (काश्या) यांच्या प्रत्येक पेरापासून मुळे फुटत असल्याने तुटलेल्या तुकड्यातूनही नवे रोप उभे राहते. टोकाला बोटांसारख्या पसरलेल्या ३–६ बारीक कणिशांवरून ते ओळखता येते.

थंड प्रदेशांत हिरवळीसाठी लावतात ते ॲग्रोस्टिस प्रजातीतील गवत कोकणातील उष्णता सहन करीत नाही. हरळीला मात्र कडक ऊन मानवते, तरी दाट सावलीत ती विरळ होते. त्यामुळे ठाण्यातील वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या उघड्या आवारात ती योग्य ठरते. उंच इमारतींच्या सावलीत नव्हे.

लागवडीसाठी जमीन सुमारे २५ सेंमी. खोल खणून, तण व दगड वेचून, शेणखत मिसळतात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला खोडांचे तुकडे १०–१५ सेंमी. अंतरावर टोचतात. पुढे नियमित कापणी केल्यास हिरवळ दाट होते.

हरळी उत्तम चारा असून तिच्या मुळांच्या जाळ्यामुळे बांधांची धूप थांबते. गणेशपूजेत २१ दूर्वांची जुडी वाहतात; आयुर्वेदात तिचा रस रक्तस्रावावर सांगितला आहे. उसाच्या व कापसाच्या शेतात मात्र ती चिवट तण ठरते, म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या वेचून काढाव्या लागतात.