नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा महिला फुटबॉल संघ : १९९२ चा हंगाम

अमेरिकेतील चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाने १९९२ च्या हंगामात २५ सामने खेळले आणि २५ही जिंकले. बरोबरी नाही, पराभव नाही. २२ नोव्हेंबर १९९२ रोजी स्वतःच्याच फेट्झर मैदानावर झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या संघाने ड्यूक विद्यापीठाला ९–१ असे हरवले. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एका संघाने केलेल्या गोलांचा हा विक्रम आहे. प्रशिक्षक होते ॲन्सन डोरन्स. मिया हॅम, क्रिस्टीन लिली आणि टिशा व्हेंचुरिनी या तिघींची नावे पुढे जगभर झाली, पण त्या वर्षी त्या विद्यार्थिनी होत्या. आठवडाभर वर्गात बसत आणि संध्याकाळी सरावाला उतरत.

या हंगामाची दखल केवळ निकालासाठी घ्यायची, तर दोन ओळी पुरतील. त्याचे महत्त्व समजते ते त्या काळच्या महिला फुटबॉलची अवस्था पाहिल्यावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाने ३० नोव्हेंबर १९९१ रोजी चीनमधील ग्वांगझौ येथे नॉर्वेला २–१ असे नमवून पहिला महिला विश्वचषक जिंकला होता. त्यानंतरच्या संपूर्ण १९९२ सालात या जगज्जेत्या संघाच्या वाट्याला अवघे दोन आंतरराष्ट्रीय सामने आले. दोन्ही नॉर्वेविरुद्ध, दोन्हींत हार. अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग सुरू व्हायला २००१ साल उजाडावे लागले. म्हणजे विश्वविजेत्या खेळाडूलाही नियमितपणे, प्रेक्षकांसमोर आणि चुरशीने खेळायचे तर महाविद्यालयीन संघ हीच जागा होती. ऑगस्टअखेर सुरू होऊन नोव्हेंबरात संपणारा हा तीन महिन्यांचा हंगाम त्या पिढीच्या दृष्टीने व्यावसायिक कारकिर्दीची पूर्वतयारी नव्हता. पदवी हाती पडली की बहुतेकींचा खेळ थांबत असे.

मुलींना ही जागा मिळाली ती कायद्यामुळे. अमेरिकी संसदेने १९७२ मध्ये मंजूर केलेल्या शिक्षणविषयक कायद्यातील ‘टायटल नाइन’ या कलमाने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्यास बंदी केली. कलमात खेळांचा उल्लेखही नाही; तरी त्याचा सर्वांत ठळक परिणाम मैदानांवर दिसला. विद्यापीठांना मुलींसाठी संघ उभारावे लागले, प्रशिक्षक नेमावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. फुटबॉलचा वाटा सुरुवातीला नगण्य होता : १९७७ मध्ये जेमतेम २.८ टक्के महाविद्यालयांत मुलींचा फुटबॉल संघ होता. नॉर्थ कॅरोलायनाने असा संघ १९७९ मध्ये स्थापन केला आणि त्याची जबाबदारी पुरुष संघाचे तरुण प्रशिक्षक डोरन्स यांच्याकडेच सोपवली. १९८१ मध्ये महिलांच्या तत्कालीन स्वतंत्र क्रीडासंघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा चॅपल हिललाच भरली आणि यजमानांनीच ती जिंकली. पुढच्या वर्षी महाविद्यालयीन खेळांची मुख्य नियामक संस्था एनसीएए हिने महिला फुटबॉलची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. १९८५ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाने जिंकलेले अजिंक्यपद सोडले, तर १९८२ पासून १९९२ पर्यंतचे प्रत्येक अजिंक्यपद नॉर्थ कॅरोलायनाकडे गेले.

डोरन्स यांचा जन्म ९ एप्रिल १९५१ रोजी मुंबईत झाला. वडील तेल कंपनीत अधिकारी असल्याने त्यांचे बालपण आफ्रिकेत आणि युरोपात, देश बदलत गेले. अमेरिकेत फुटबॉल हा दुय्यम खेळ मानला जात असताना, तो जिथे गल्लोगल्ली खेळला जातो अशा देशांत हा मुलगा वाढला. चॅपल हिलला पदवी घेऊन ते कायद्याच्या अभ्यासाकडे वळले होते, पण वकिली मागे पडली आणि मैदान उरले. १९८६ पासून १९९४ पर्यंत ते राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते, त्यामुळे १९९१ चा विश्वचषक आणि १९९२ चा विद्यापीठ हंगाम ही एकाच माणसाच्या हातची कामे आहेत. विश्वचषकाच्या चमूतही त्यांच्या विद्यापीठाच्या आजी-माजी खेळाडूंचा मोठा भरणा होता. कर्णधार एप्रिल हाइनरिक्स त्यांपैकीच एक.

त्यांची सरावाची पद्धत १९९२ पर्यंत पक्की बसली होती. तिची प्रेरणा शेजारच्या बास्केटबॉल सभागृहातून आली. विद्यापीठाचे नामांकित बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवत. डोरन्स यांनी ती कल्पना उचलली आणि टोकाला नेली. एकास एक झुंज, धावण्याची शर्यत, गोलावर नेम साधणे, हवेतल्या चेंडूसाठीची उडी : प्रत्येक प्रकारात कोण जिंकली, कोण हरली हे सहायक लिहून घेत, आणि सर्व खेळाडूंची क्रमवारी सगळ्यांना दिसेल अशी लावली जाई. मैत्रिणींना हरवायला मुली कचरतात, स्पर्धा करणे त्यांना शिकवावे लागते, अशी डोरन्स यांची धारणा होती. ही धारणा वादग्रस्त आहे. मुलींना स्पर्धेपासून दूर ठेवणारा समाज आणि मुलींचा स्वभाव यांत तिने पुरेसा फरक केला नाही, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. पण पद्धतीचे फळ मैदानावर दिसत होते. चॅपल हिलच्या राखीव खेळाडूला रोजच्या सरावात विश्वविजेत्या आघाडीपटूला अडवावे लागे, आणि शनिवारच्या सामन्यात समोर येणारी प्रतिस्पर्धी बहुधा तिच्याहून सोपी असे.

खेळाची आखणीही याच वृत्तीची होती. मागे तिघी, मध्ये चौघी, पुढे तिघी. बचावात तिघीच ठेवणे हा धोका असतो. तो पत्करून चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यातच हिसकावून घ्यायचा, समोरच्या बचावपटूला मान वर करून पास शोधायला क्षणभरही द्यायचा नाही, हा बेत. त्याला महाविद्यालयीन नियमांची साथ होती. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये बाहेर गेलेली खेळाडू परत येऊ शकत नाही. महाविद्यालयीन सामन्यात ठरावीक मर्यादेत ती परत येते. त्यामुळे थकलेल्या आघाडीला बसवून ताज्या दमाच्या मुली सोडायच्या आणि पहिल्या तुकडीचा दम परत आला की तिला पुन्हा उतरवायचे, अशी अदलाबदल शक्य होती. प्रतिस्पर्धी संघाच्या बचावफळीला मात्र पूर्ण ९० मिनिटे तोच मारा सोसावा लागे.

हंगामाची मुख्य खेळाडू मिया हॅम. अलाबामातील सेल्मा गावी १७ मार्च १९७२ रोजी जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षीच राष्ट्रीय संघात आली. १९९१ च्या विश्वचषकातल्या अमेरिकी चमूत ती वयाने सर्वांत लहान होती, आणि त्या तयारीसाठी तिने विद्यापीठाचा १९९१ चा हंगाम सोडला होता. १९९२ मध्ये ती परतली ती जगज्जेती होऊन, वीस वर्षांची. त्या हंगामात तिने ३२ गोल केले आणि ३३ गोलांना साहाय्य केले. गोलाला दोन आणि साहाय्याला एक, अशा अमेरिकी हिशेबाने तिचे ९७ गुण झाले. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा हर्मन करंडक तिला मिळाला. पुढच्या वर्षीही तो तिच्याकडेच राहिला.

गोल आणि साहाय्य या दोन आकड्यांपैकी अधिक बोलका दुसरा आहे. चेंडू मिळाला की बचावपटूवर थेट धावून जाणारी आघाडीपटू ही हॅमची ओळख. तिच्यासारखा वेग आणि नेम असलेली खेळाडू गोलसंख्येत बुडून गेली असती तर कुणी दोष दिला नसता. तरीही तिची साहाय्ये गोलांहून एकाने जास्त भरली. तिच्या अंगावर दोन-तीन बचावपटू धावून येत. त्यांना खेचून घेऊन मोकळ्या झालेल्या सहकारी खेळाडूला चेंडू सोडणे तिला जमले होते, आणि तो घेऊन गोल करणाऱ्या मुली या संघात एकदोन नव्हत्या. पुढे २००५ मध्ये पोर्टलंड विद्यापीठाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरने एका हंगामात ३९ गोल केले, त्याआधी १९९६ मध्ये नोत्र दामच्या हॉली मँथाईने ४४ साहाय्ये दिली. गोल आणि साहाय्य यांचा इतका समतोल मात्र त्या दोघींच्याही हंगामात नाही. १९८९, १९९०, १९९२ आणि १९९३ असे चार हंगाम मिळून हॅमचे १०३ गोल आणि ७२ साहाय्ये झाली. या चार वर्षांत ती खेळलेल्या ९५ सामन्यांपैकी संघ एकच हरला.

क्रिस्टीन लिलीसाठी १९९२ हे विद्यापीठातले अखेरचे वर्ष. कनेक्टिकटमधील विल्टनची ही खेळाडू १९८९ मध्ये आली, चारही वर्षे खेळली आणि चारही वर्षी राष्ट्रीय विजेती ठरली. १९९१ चा हर्मन करंडक तिचा होता. आघाडीपासून बचावापर्यंत मैदानाची एक बाजू ती सबंध सामनाभर सांभाळे, आणि तिच्या या न दमण्यामुळेच हॅमला पुढे मोकळीक मिळे. गोलांचे आकडे पाहणाऱ्या वाचकाच्या नजरेतून ती निसटते, हा तिच्यावर होत आलेला अन्याय आहे. पुढे ती ३५० हून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळली. स्त्री-पुरुष मिळून इतके सामने दुसऱ्या कुणाच्याही खाती नाहीत.

दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा गटही तितकाच भक्कम होता. टिशा व्हेंचुरिनी मधल्या फळीत खेळे आणि डोक्याने मारलेल्या चेंडूंसाठी ओळखली जाई. १९९४ चा हर्मन करंडक तिने मिळवला. केरी सँचेझ, डॅनियल इगन आणि कॅनडातील ब्रँटफर्डहून आलेली अँजेला केली या तिच्याच तुकडीतल्या. १९९१ ते १९९४ या चारही वर्षांचे अजिंक्यपद या तुकडीला मिळाले.

अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी शेजारीच होता. डरम येथील ड्यूक आणि चॅपल हिल यांच्यात जेमतेम तेरा-चौदा किलोमीटरचे अंतर. बास्केटबॉलमधले त्यांचे वैर साऱ्या अमेरिकेला ठाऊक आहे. महिला फुटबॉलमध्ये मात्र त्यांची बरोबरी नव्हती. ड्यूकने आपला संघ बिल हेम्पेन यांच्या मार्गदर्शनाखाली १९८८ मध्ये सुरू केला होता. पाचव्याच हंगामात राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचणे ही त्या मुलींची मोठी कमाई होती, आणि ९–१ या आकड्याखाली ती झाकली जाऊ नये. नऊ गोलांतून नॉर्थ कॅरोलायनाची थोरवी दिसते, तसेच हेही दिसते की देशातल्या उत्तम खेळाडू तेव्हा एकाच दारी गोळा होत होत्या. मुलींच्या फुटबॉलवर मनापासून पैसा, वेळ आणि विचार खर्च करणारी विद्यापीठे फार थोडी होती. अंतिम सामना इतका एकतर्फी होणे हे त्या खेळाच्या कोवळेपणाचे लक्षण होते.

हे चित्र किती लवकर बदलले, हे पुढच्या वर्षांत दिसते. १९९३ मध्येही नॉर्थ कॅरोलायना अपराजित राहिली आणि अंतिम सामन्यात तिने जॉर्ज मेसनला ६–० असे हरवले. हॅमचा तो शेवटचा हंगाम. १९९० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाकडून झालेल्या पराभवानंतर सुरू झालेली सलग विजयांची मालिका ९२ वर पोहोचल्यावर ऑक्टोबर १९९४ मध्ये नोत्र दामने गोलशून्य बरोबरीत रोखली. त्याच महिन्यात १०१ सामन्यांची अपराजित मालिकाही तुटली, आणि ती तोडणारा संघ ड्यूकचा होता : ३–२. त्या वर्षीचे अजिंक्यपद नॉर्थ कॅरोलायनाने राखले. १९९५ मध्ये उपान्त्य फेरीत नोत्र दामने तेही हिरावले. नंतर १९९८ मध्ये फ्लोरिडा, २००१ मध्ये सँटा क्लारा, २००२ मध्ये पोर्टलंड अशी नवी नावे विजेत्यांच्या यादीत आली. २००१ पासून राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ खेळू लागले. चॅपल हिलच्या मुलींनीच तिथला अनुभव इतरत्र नेला : अँजेला केली टेनेसी आणि नंतर टेक्सास विद्यापीठाच्या संघाची प्रशिक्षक झाली, तर हाइनरिक्स २००० मध्ये राष्ट्रीय संघाची.

१९९२ च्या संघातील हॅम, लिली आणि व्हेंचुरिनी या तिघी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलचे पहिले सुवर्णपदक जिंकणाऱ्या चमूत होत्या. १९९९ च्या विश्वचषकातही त्या होत्या. पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षकांसमोर झालेल्या त्या अंतिम सामन्याच्या जादा वेळेत चीनचा गोलात शिरणारा चेंडू लिलीने गोलरेषेवरून डोक्याने परतवला, आणि पुढे अमेरिका पेनल्टींवर जिंकली.

डोरन्स यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करून खटला भरला. खेळाडूंच्या खासगी आयुष्याविषयी ते करत असलेल्या बोलण्यावर त्यात आक्षेप होता. डोरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. एका खेळाडूशी २००४ मध्ये आणि दुसरीशी २००८ मध्ये तडजोड झाली. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी यांच्यातील सत्तेच्या अंतराचा प्रश्न या प्रकरणाने पुढे आणला. १९९२ च्या यशाचे वर्णन करताना तो भाग गाळणे योग्य नव्हे.

१९३० च्या दशकात बांधलेले फेट्झर मैदान २०१७ मध्ये पाडण्यात आले. त्या जागी उभारलेले नवे क्रीडांगण २०१९ मध्ये खुले झाले, त्याला डोरन्स यांचे नाव आहे. डोरन्स ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगामाच्या तोंडावर निवृत्त झाले. त्यांचे सहायक डेमन नहास यांच्या हाताखाली त्याच वर्षी संघाने वेक फॉरेस्टला १–० असे हरवून एनसीएएचे बाविसावे अजिंक्यपद मिळवले. १९९२ नंतर सर्व सामने जिंकण्याचा पराक्रम नॉर्थ कॅरोलायनाने १९९३ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये केला. २००३ च्या संघाने २७ सामने जिंकले आणि अंतिम फेरीत कनेक्टिकटवर ६–० अशी मात केली.