झाडीपट्टी आणि हॅमचा परवाना

झाडीपट्टीतल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या होतकरू ‘हॅम’ची, म्हणजे हौशी रेडिओचालकाची, वाट रेडिओ क्लबच्या आधी कायद्याने अडवली. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ संच नुसता बाळगणेही गुन्हा ठरले. १९३९मध्ये महायुद्ध पेटताच हौशी परवाने बंद झाले. पुढे हौशी रेडिओसाठी १९७८चे नियम आले. परीक्षा आणि पोलिसांकडून पडताळणी हा क्रम रूढ झाला. १९८२मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या, नक्षलवादाने ग्रासलेल्या गडचिरोलीत अशी चौकशी कुणाला हलकी वाटणार?

परीक्षेचे जवळचे केंद्र नागपूर, गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून तीनशेहून अधिक किलोमीटर. त्यात परवान्याच्या जनरल श्रेणीसाठी मोर्स ही ठिपके-रेघांची संकेतलिपी हवी, मिनिटाला आठ शब्द. ती घोकून येत नाही. ठिपके-रेघा मोजत बसणारा मागे पडतो. ‘डा-डिट-डा-डिट’ कानी पडताच ‘सी’ उमटला पाहिजे. हा ठेका रोज वाजवून दाखवणारा जाणता क्लबातच भेटतो, आणि क्लब बहुधा शहरात. नवख्यापुढे सांकेतिक भाषेत आपसांतच बोलणारे जुने सभासद त्याला नकळत परतवतात. हा दोष मात्र कायद्याचा नव्हे.

दूरच्या उमेदवाराला रिस्ट्रिक्टेड श्रेणी सोयीची: तिला मोर्सची अट नाही.