पॅन्झर ड्रॅगून सागा: उत्खननाची कथा सांगणारा आणि स्वतःच गाडला गेलेला खेळ

(१) लुप्त ग्रंथ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जळालेली ग्रंथालये आणि वाळवीने खाल्लेल्या पोथ्या येतात. परंतु १९९८ साली प्रकाशित झालेल्या एका कृतीची मूळ संहिताही हरवल्याचे सांगितले जाते. ती कृती म्हणजे ‘पॅन्झर ड्रॅगून सागा’ हा जपानी व्हिडिओ गेम. आजचा धागा त्याच्याविषयी.

(२) आधी पार्श्वभूमी. सेगा कंपनीचे ‘सॅटर्न’ हे यंत्र नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानी बाजारात आले. त्यावर सेगाच्याच ‘टीम अँड्रोमेडा’ या चमूने १९९५ मध्ये ‘पॅन्झर ड्रॅगून’ आणि १९९६ मध्ये त्याचा दुसरा भाग सादर केला. ड्रॅगनच्या पाठीवर बसून शत्रूंचा वेध घ्यायचा, असे त्या खेळांचे स्वरूप. पहिल्या भागाच्या जपानी आवृत्तीचे मुखपृष्ठ फ्रेंच चित्रकार मोबियस यांनी रेखाटले होते.

(३) याच चमूने पुढे त्या जगाची दीर्घ कथा सांगायचे ठरवले, तेही रोल-प्लेइंग गेमच्या रूपात, म्हणजे खेळाडूने एका पात्राची भूमिका घेऊन ती कथा जगायची. दिग्दर्शक होते युकिओ फुतात्सुगी. २९ जानेवारी १९९८ रोजी ‘अझेल: पॅन्झर ड्रॅगून आरपीजी’ या नावाने चार सीडींचा हा खेळ जपानमध्ये प्रकाशित झाला.

(४) कथेचा प्रारंभ एका उत्खननस्थळी होतो. साम्राज्य प्राचीनांचे अवशेष उकरून काढते आणि त्यांतील शस्त्रांच्या बळावर राज्य करते. तेथे पहाऱ्यावर असलेल्या एज या तरुण भाडोत्री सैनिकाला भिंतीत बद्ध असलेली एक मुलगी दिसते. ती अझेल. तोच क्रेमेन नावाचा बंडखोर हल्ला चढवतो आणि तिला घेऊन जातो. भूतकाळावर मालकी कोणाची, हा प्रश्न पहिल्याच प्रसंगात उभा राहतो.

(५) खेळाची रचनाही तितकीच विचारपूर्वक आहे. लढाईत ड्रॅगन शत्रूभोवती घिरट्या घालतो. तीन मापके हळूहळू भरतात. एक भरताच वार करावा, की तिन्ही भरण्याची वाट पाहावी? समोर राहावे, की पाठीमागे जावे? प्रत्येक शत्रूची दुबळी बाजू वेगळी. ड्रॅगनचे शरीरही खेळाडूला बदलता येते: कधी वेग वाढवायचा, कधी बचाव.

(६) या जगासाठी एक स्वतंत्र भाषाही रचली गेली. संगीत साओरी कोबायाशी आणि मारिको नान्बा यांचे. मी हा खेळ संगणकावर, इम्युलेटरच्या साहाय्याने, फार उशिरा खेळले. त्याची चित्रे तोवर जुनी, ओबडधोबड दिसू लागली होती; पण निर्जन अवशेषांवरून ड्रॅगन उडत असताना वाजणारे ते संगीत ऐकून मी कित्येकदा पुढे जायचे विसरले.

(७) मग हा खेळ दुर्लक्षित का राहिला? उत्तर बाजाराच्या इतिहासात आहे. जानेवारी १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर ‘फायनल फँटसी ७’ आला आणि या प्रकारच्या खेळांचा चाहतावर्ग तिकडे वळला. १९९८ च्या वसंतात ‘सागा’ अमेरिकेत पोहोचला, तेव्हा तेथील सॅटर्न अखेरच्या घटका मोजत होते. प्रती मोजक्याच निघाल्या. नोव्हेंबरमध्ये सेगाचे नवे यंत्र, ड्रीमकास्ट, जपानमध्ये आलेदेखील. समीक्षकांनी गौरवलेली कृती दुकानांतून दिसेनाशी झाली.

(८) खरा घाव पुढचा. खेळाचा सोर्स कोड, म्हणजे ज्यापासून तो घडतो ती मूळ संहिता, कंपनीकडे उरली नसल्याचे सांगितले जाते. पहिल्या ‘पॅन्झर ड्रॅगून’ची नवी आवृत्ती २०२० मध्ये आली, ‘सागा’ मात्र सॅटर्नबाहेर कधीच अधिकृतपणे प्रकाशित झाला नाही. जुन्या प्रती आज अवाच्या सवा किमतीला विकल्या जातात.

(९) हा अपवाद नव्हे. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात दिसून आले. पोथी हरवली तरी तिची नक्कल वाचता येते. सीडी मात्र नुसती उरून भागत नाही. ती वाचणारे यंत्रही चालू असावे लागते. म्हणूनच हौशी संग्राहक आणि इम्युलेटर घडवणारे प्रोग्रॅमर यांना मी या काळाचे नकलनवीस मानते.

(१०) (येथे कथेचा शेवट उघड होतो.) अखेरीस खेळ एजला बाजूला ठेवून थेट खेळाडूशी बोलतो. बाहेरच्या जगातून आलेला ‘दैवी अभ्यागत’ तोच असतो, आणि प्राचीनांच्या बंधनातून त्या जगाची सुटका होण्यासाठी शेवटचे बटण त्यानेच दाबायचे असते. खेळाडू नसेल तर ही कथा पूर्णच होत नाही. संग्रहालयातील काचेमागे ठेवून हा खेळ जपता येणार नाही, हे त्याच्या निर्मात्यांनी जणू कथेतच लिहून ठेवले आहे. तो कोणीतरी खेळत राहिले पाहिजे.